लाल ठिपक्याचं काडतूस

चाप ओढला आणि टक् झालं. एवढंच. धडाका नाही, मनगटाला झटका नाही, नाकात तो जळका वास नाही. समोरचा कागदी माणूस छातीवरच्या वर्तुळांसकट जसाच्या तसा उभा. मी हात खाली घ्यायला लागलो तसे मागून मास्तर ओरडले, "हलू नका! नळी समोर. बोट काढा चापावरून. तीस मोजा." मास्तर म्हणजे या नेमबाजीच्या मैदानावर शिकवणारे निवृत्त सैनिक, एरवी इतक्या हळू बोलतात की कानावरचा पट्टा सरकवून ऐकावं लागतं. "काय झालं?" मी विचारलं. "नाही उडाली. पण कधीकधी उशिरा उडते. ठिणगी आत रेंगाळते. बघू काय झालंय म्हणून तोंडाजवळ नेलंत की संपलं. मोजा." मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. हातात लोखंडाचा एक तुकडा, आणि त्याच्या आत काहीतरी आहे जे आता उडेल किंवा कधीच उडणार नाही. घाम भुवईतून डोळ्यात उतरला, पुसायची सोय नव्हती. एकोणीसला पोचलो आणि एकदम लक्षात आलं की आत आहे ते कोणतं काडतूस आहे. पुढचे अकरा आकडे मी मोजले की नाही, मला आठवत नाही.

लाल ठिपक्याचं. घरचं भरलेलं मॅगझिन तसंच मैदानावर आणलं होतं, त्यात सगळ्यात वरचं. गेले अकरा महिने माझ्या उशाशी जे काही भरलेलं होतं, त्यात पहिलं उडायचं ते हेच. कुणी दार ढकलून आत आलाच असता तर मी उठलो असतो, दोन्ही हातांनी धरलं असतं, शिकवल्याप्रमाणे श्वास अर्धा सोडून चाप ओढला असता, आणि टक् झालं असतं. मग तो माणूस आणि मी एकमेकांकडे बघत उभे राहिलो असतो. हे चित्र मला इतकं स्वच्छ दिसलं की मैदानावर भर दुपारी अंगावर काटा आला. मास्तरांनी पिस्तूल माझ्या हातून घेतलं, काडतूस बाहेर काढलं आणि तळहातावर धरून उन्हात न्याहाळलं. "टोपीवर, ठिणगी पडते त्या चकतीवर, खड्डा बरोबर पडलाय. पिस्तुलाचा दोष नाही. हेच मेलंय." मग मॅगझिनमधलं दुसरं काढून शेजारी धरलं. "आणि हे बघा. याच्यापुढे तुमचं ठिपक्याचं आखूड झालंय. गोळी आत दबलीये. बरं झालं नाही उडालं, उडालं असतं तर नळीसकट हात घेऊन गेलं असतं." आखूडपणा नखाच्या कडेएवढा. पण मला तो लांबूनच दिसला, कारण मला असल्याच गोष्टी दिसतात. त्यासाठी मला पगार मिळतो.

मी फ्यूज तपासतो. कारखान्यात विजेचे फ्यूज बनतात, काचेच्या नळीत केसाएवढी तार. वीज हद्दीबाहेर गेली की तारेनं वितळायचं आणि घर वाचवायचं. ती वेळेवर वितळते की नाही हे बघायचं माझं काम. बघायचं कसं, तर जाळून. प्रत्येक खोक्यातून वीस उचलायचे, यंत्राला लावायचे आणि एकेक करून मारायचे. चट्, चट्, चट्. वीसच्या वीस वेळेवर मेले तर उरलेले पास. तिथे पहिल्या वर्षी मी साहेबांना विचारलं होतं, "पण मग जे तपासले ते सगळे जळाले, आणि जे गेले त्यांतला एकही तपासलेला नाही?" साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "असं असतं म्हणूनच त्याला भरवसा म्हणतात. झोप येत नसेल तर पॅकिंगला बदली घ्या." सगळे हसले. तेव्हापासून मी 'शंकेखोर'. नाव चिकटलं आणि मीही ते अंगाला लावून घेतलं, कारण शंकेखोर माणसाला कुणी भित्रा म्हणत नाही. घरी बायको 'डबल कुलूप' म्हणायची. कुलूप लावून जिना उतरलो की मी परत वर जाऊन ओढून बघायचो आणि ती खाली पर्स हलवत उभी. "अहो डबल कुलूप, चला आता, नाटक सुरू होईल," म्हणायची. हल्ली म्हणत नाही.

पिस्तूल घ्यायचं ठरलं तेव्हा मी ते मेव्हण्याच्या सल्ल्यानं घेतलं, पण काडतुसं मात्र माझी मीच निवडली. त्या दुकानात मी पाच वेळा गेलो. दुकानदार म्हातारा, कानात यंत्र, समोर काचेचं कपाट आणि त्यात औषधांच्या दुकानासारखी ओळीनं खोकी. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सगळ्यात भरवशाचं कोणतं?" तो म्हणाला, "कुणासाठी?" मी म्हटलं, "घरासाठी." मग त्यानं समजावलं. गुळगुळीत टोकाची गोळी पिस्तुलात सुरळीत चढते, अडकत नाही, पण माणसातून जाते, भिंतीतून जाते आणि शेजारच्या खोलीत जेवायला बसलेल्यालाही लागते. पोकळ टोकाची आत जाऊन फुलते, तिथेच थांबते. घरासाठी तीच बरी, पण प्रत्येक पिस्तुलाला ती मानवतेच असं नाही. "तुमच्या पिस्तुलातून निदान दोन खोकी उडवा. एकही अडली नाही तर ती तुमची. तेलाचा हात लावू नका, टोपीत तेल शिरलं की मसाला ओला होतो. दमट जागी ठेवू नका. काही महिन्यांनी भरलेली उडवून टाका आणि ताजी भरा. आणि सारखी आत-बाहेर करू नका." मी वहीत सगळं लिहून घेत होतो. शेवटचं वाक्य मी लिहिलं नाही. ते मला लागू नाही, असं वाटलं. मी कशाला सारखी आत-बाहेर करीन? मी काय पोर आहे?

वीस उडवली, वीसच्या वीस उडाली. अडलं एकही नाही. मग दुसरी वीस. मग उरलेल्यांना मी सवयीनं पास केलं. पण पास करून माझं भागलं नाही. रविवारी जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं पसरून मी एकेक काडतूस व्हर्नियरच्या मापपट्टीनं मोजलं, काट्यावर तोललं, भिंगाखाली टोपी पाहिली. त्यांतलं एक असं निघालं की लांबी बरोबर, वजन बरोबर, कडा स्वच्छ. अगदी नमुना पीस. कारखान्यात असा पीस सापडला की त्याच्यावर लाल ठिपका देऊन तो कपाटात ठेवतात, बाकीचे त्याच्याशी ताडून बघतात. मी बायकोच्या नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेतली आणि काडतुसाच्या बुडाशी कडेला एक ठिपका दिला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होती, ते तेव्हा नुकतंच प्लास्टरमधून निघालं होतं. "हे काय?" "हे पहिलं. हे फसणार नाही." बाटलीचं बूच नीट लावलंय की नाही तेवढं तिनं बघितलं आणि ती आत गेली.

मग रोज झोपताना ते लाल ठिपक्याचं नळीत चढवायचं आणि सकाळी कामावर जाताना उतरवून सगळं पेटीत कुलूपबंद करायचं. पुन्हा संध्याकाळी तेच पहिलं. दुसरं कोणतंही चाललं नसतं, कारण भरवसा त्याच्यावर होता. आणि एकदा पास झालेला पीस पुन्हा मोजायचा नाही हा आमच्या खात्याचा नियम, तो मी घरीही पाळला. कपाटातल्या नमुन्याला उगाच कुणी हात लावत नाही. मी माझ्या नमुन्याला दिवसातून दोनदा हात लावत होतो आणि मला वाटत होतं की मी त्याची काळजी घेतोय. मैदानावरून परतताना बसमध्ये हे सगळं डोक्यात फिरत होतं. मास्तरांनी ते काडतूस घरी नेऊ दिलं नाही. वाळूच्या डब्यात टाकलं. तो ठिपका वाळूत बुडताना मी पाहिला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची भीती वाटली.

बसमधून मी दोन थांबे आधी उतरलो आणि दुकानात गेलो. दुकानदारानं ऐकून घेतलं. "रोज चढवत होता? एकच?" "एकच." "अकरा महिने?" त्यानं कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत लावलं, बहुतेक आपण नीट ऐकलं का याची खात्री करायला. "अहो, प्रत्येक वेळी ती गोळी पुढे जाऊन आदळते. आदळून आदळून आत दबते. टोपीतला मसाला भुगा होऊन सुटतो. माल चांगला होता साहेब. तुम्हीच मारलात. जपून जपून मारलात." मला हसू आलं, म्हणजे तोंड तसं झालं. मी म्हटलं, "आता खात्रीचं काहीतरी द्या." तो कपाटाकडे वळला नाही. माझ्याकडेच बघत राहिला, दयेनं म्हणा, कंटाळ्यानं म्हणा. "काडतूस मी देतो खात्रीचं. पण चाप ओढणारा ओढेल की नाही, ती खात्री मी विकत नाही. ती आणायची कुठून ते लोक मला विचारत नाहीत. काडतुसंच विचारतात." तो हे सगळ्यांनाच म्हणत असेल. तरी मला वाटलं, याला कुणीतरी सांगितलंय. खोकं खिशात घालून मी जवळजवळ पळतच बाहेर पडलो.

कुणी सांगणार? माहीतच कुणाला आहे? घरात चोर शिरला त्या दुपारी बाथरूममध्ये मी एकटा होतो. सुटीचा दिवस होता, मी दाढी करत होतो, नळ चालू होता, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. असं मी पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मेव्हण्याला सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "आणि ऐकू आलं असतं तरी भावजी, रिकाम्या हातांनी तुम्ही काय करणार होतात?" बुडणाऱ्याच्या हाताला फळकूट लागावं तसं ते वाक्य मी पकडलं. रिकामे हात. बरोबर. हातात काही असतं तर गोष्ट वेगळी होती. त्या एका वाक्यातून परवाना आला, पिस्तूल आलं, मैदान आलं, मास्तर आले, लाल ठिपका आला. वर्षभर मी ते वाक्य पोसत होतो. पण आज बसथांब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर, शटर अर्धं ओढलेल्या दुकानांच्या कडेनं चालताना, मागे पावलं वाजली की अंग चोरून भिंतीला लागत, मला ते वाक्य पुढे रेटता येईना. तेही आखूड झालं होतं.

नळ चालू नव्हता. घंटी वाजली ती मला ऐकू आली. तिनं दार उघडलं ते ऐकू आलं. "मीटर बघायचाय," असं एक शांत, जवळजवळ शालीन आवाज म्हणाला. ती म्हणाली, "मीटर तर खाली जिन्यात आहे," आणि मग दार भिंतीवर आपटलं आणि तोच आवाज म्हणाला, "ओरडू नका, बाई." माझा हात दाराकडे गेला. तो दार उघडायलाच गेला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण गेला तो कडीकडे. आम्ही दोघंच घरात असलो की बाथरूमची कडी लावत नाही, लग्न झाल्यापासून नाही. ती टॉवेल द्यायला, मी साबण मागायला, असं चालायचं. त्या दिवशी माझ्या हातानं ती पितळी कडी सरकवली, आवाज न करता, अंगठा टेकवून, काचेची नळी खाचेत बसवतात तशी. आणि मग मी नळ सोडला. पूर्ण. ऐकू येऊ नये म्हणून. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. मग दाराचं हँडल खाली गेलं. हळूच वर आलं. पुन्हा खाली गेलं, या वेळी जोरात, आणि दार माझ्या तळव्यांखाली थरथरलं. तो मला शोधत होता. मी दोन्ही हात दारावर रोवले आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा हँडल हलत नव्हतं. मी बाहेर आलो तेव्हा तो गेला होता, तिच्या गळ्यातलं गेलं होतं आणि ती जमिनीवर बसून मनगट मांडीत धरून होती. "काय झालं?" मी विचारलं. ती माझ्या गालाकडे बघत म्हणाली, "ऐकू नाही आलं?" साबण वाळून भेगा पडल्या होत्या, बोलताना गाल ओढला जात होता. "नळ चालू होता," मी म्हणालो. "हं," ती म्हणाली.

त्या 'हं'चा अर्थ मी वर्षभर तपासत होतो. पास की नापास? ती रागावली नाही, रडली नाही. मनगटात पूर्वीची ताकद उरली नाही, त्यामुळे बरणीचं झाकण उघडेना की ती बरणी आणून माझ्यासमोर ठेवते. मी उघडून देतो. ती घेऊन जाते. कधीकधी मला वाटतं ती मुद्दाम घट्ट झाकणाच्या बरण्या आणते. असं वाटणं हलकट आहे, हेही मला कळतं. पण तिला माहीत असेल तर काय, या एका विचारानं माझी झोप उडते. चोराची भीती मला केव्हाच उरली नव्हती. तो आला असता तर बरंच झालं असतं, एकदा उडवून दाखवता आलं असतं. भीती होती ती शेजारी पाठ करून झोपलेल्या बाईची, आणि तिच्या शांत श्वासाची.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर पेचकस आणि वाटीत काही स्क्रू. "आलात?" "आलो." मी खोकं टेबलावर ठेवलं. तिला घाबरवायचं मी वाटेतच ठरवलं होतं. घाबरली असती तर आम्ही दोघं एका बाजूला आलो असतो. "ते लाल ठिपक्याचं उडालंच नाही. मेलेलं होतं. किती दिवस, देव जाणे. आपण अकरा महिने नुसत्या लोखंडाशेजारी झोपत होतो. कळतंय का तुला? कुणी आलं असतं तर?" ती म्हणाली, "नवीन आणली?" "आणली." "ही भरवशाची आहेत?" "उडवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही." "आणि उडवून बघितली की?" "संपतात." तिनं मान डोलावली. "मग मला काही फरक पडत नाही. मी त्याच्या भरवशावर झोपत नव्हते."

मी वाटीकडे बघितलं. स्क्रू पितळी होते. "हे कशाचे?" "बाथरूमच्या कडीचे. काढली मी आज. डाव्या हातानं काढली म्हणून वेळ लागला." मी उठून गेलो. दाराच्या आतल्या बाजूला चार भोकं होती, आणि कडीच्या आकाराचा एक पट्टा, जिथे रंग अजून ताजा होता. "का काढलीस?" तिच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. राग नव्हता. थकवा होता, आणि जरा लाज, माझ्या वाटणीचीसुद्धा. "नळ नंतर सुरू झाला हो. आधी तो बोलला, मग नळ सुरू झाला. मला तेव्हाच कळलं. ते एक वेळ मी समजून घेतलं, माणूस घाबरतो. पण तो आत कपाट उचकत होता तेव्हा मी धावत आले होते. दोनदा फिरवलं हँडल. दार उघडेल आणि आपण दोघं आत कडी लावून बसू, एवढंच डोक्यात होतं. मला काही तुम्ही बाहेर येऊन लढायला नको होतात." ती थांबली. "तो परत आला तेव्हा मी हँडल सोडत नव्हते. म्हणून त्यानं मनगट पिरगाळलं."

हँडल तिनं फिरवलं होतं. माझ्या तळव्यांखाली थरथरलं ते तिनं. दोन बोटं जाडीच्या लाकडाच्या त्या बाजूला ती होती आणि या बाजूला मी सगळ्या ताकदीनं ते दार तिच्यावर बंद धरून उभा होतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती वाट बघत होती, खरंच वाट बघत होती. हलली नाही, डोळे माझ्यावरून काढले नाहीत. मी मनात मोजायला लागलो. दहा. पंधरा. उशिरा का होईना, काहीतरी निघेल. तीस झाले. मग तिनं खुर्चीवरचा टॉवेल उचलला. "अंघोळ करून येते. दिवसभर धूळ अंगावर बसलीये."

ती आत गेली. दार तिनं लोटलं, पण हँडलची जीभ त्या दुपारपासून ढिली आहे, कडीशिवाय ते ठरेना. बिजागरीला उतार आहे, ते हळूहळू आपोआप उघडायला लागलं. फट वितीएवढी झाली. मी पुढे होऊन हँडल धरलं आणि दार ओढून घेतलं. आत नळ सुरू झाला, पाणी बादलीत पडायला लागलं, आणि मग एकदम बंद झालं.

"कोण आहे?" ती आतून म्हणाली. वर्षभरात मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता. तो कापत होता.

"मी आहे," मी म्हणालो. "दार राहत नाही म्हणून धरलंय."

मला तिचा श्वास ऐकू येत होता, लाकडाच्या त्या बाजूनं.

"सोडा," ती म्हणाली. "तुम्ही धरलं की मला भीती वाटते."

मी हँडल सोडलं.